रामदास बोट आणि दोन बहिणींची कादंबरी

मराठी कादंबरीने समुद्र बहुतेक वेळा काठावर उभे राहून पाहिला आहे. ७२० किलोमीटरचा किनारा आपल्या वाट्याला आला, आरमाराचा अभिमान आला, पिढ्यान् पिढ्या बोटीने मुंबई गाठणारा चाकरमानी आला. पण कादंबरी लिहायची म्हटले की आपला लेखक धक्क्यावर थांबतो आणि बोट दिसेनाशी झाली की घराकडे वळतो. श्री. ना. पेंडशांनी खाडीकाठची माणसे जिवंत केली, पण त्या माणसांचा जीव जमिनीत, खोतीत आणि भाऊबंदकीत अडकलेला. मिलिंद बोकील यांच्या ‘समुद्र’मध्ये नवरा-बायको समुद्राकाठी जातात आणि खोल पाणी निघते ते त्यांच्या संसारात. माझ्या लेखी ठळक अपवाद विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चा. १९३९ साली आलेली ही लहानशी कादंबरी जवळजवळ सगळी बोटीवर घडते. युरोपातून मायदेशी परतणारा चक्रधर, नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा आणि शेवटी हॅर्टाला पोटात घेणारा समुद्र. इतक्या वर्षांनंतरही ती ताजी वाटते, कारण तिच्यात समुद्र देखावा म्हणून येत नाही. माणसांना परत फिरता येत नाही, एवढे एकच काम तो तिथे करतो.

इंग्रजीत गेल्या काही दशकांत एका विशिष्ट घाटाच्या कादंबऱ्या पुष्कळ आल्या. एक प्रकरण शंभर वर्षांपूर्वीचे, पुढचे प्रकरण आजचे. जुन्या काळात एक जहाज बुडते आणि एक बाई वाचते. आजच्या काळात दोन बहिणी असतात, कित्येक वर्षे एकमेकींशी न बोललेल्या. आई किंवा आजी गेल्यामुळे घर आवरायला त्यांना एकत्र यावे लागते. माळ्यावरच्या पेटीत पत्रांचा गठ्ठा सापडतो, त्यातून वाचलेल्या बाईचे गुपित उलगडते आणि बहिणींच्या भांडणाचे मूळही त्यातच निघते. शेवटच्या प्रकरणात दोघी समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असतात. या साच्याला नावे ठेवणे सोपे आहे आणि समीक्षक ती ठेवतातही. मला मात्र त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट दिसते. बोट एका सकाळी बुडते, पण घरात तिचे बुडणे पन्नास-साठ वर्षे चालू राहते. वाचलेले माणूस बोलत नाही. मग त्याच्या न बोलण्याच्या भोवती घर आकार घेते, मुले त्या घरात वाढतात आणि आपण असे का वागतो हे त्यांना कळत नाही. हे सांगायचे तर एक काळ पुरत नाही.

ही कादंबरी मराठीत व्हायला हवी असे मला फार वाटते. तिची बोट शोधायला अटलांटिकवर जावे लागत नाही. भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंतचे पाणी पुरेसे आहे.

१७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढ अमावास्या. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनीची ही बोट. इंग्रजांच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या या कंपनीला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. रामदास १९३६ साली इंग्लंडमधल्या स्वॅन हंटरच्या गोदीत बांधली गेली होती. टायटॅनिकच्या वाचलेल्या उतारूंना उचलून घेणारी कार्पेथिया याच घराण्याच्या गोदीतली. रेवसचा प्रवास तासा-दीड तासाचा. बोटीवर गावी निघालेले चाकरमानी होते, मासळी विकून परतणाऱ्या कोळणी होत्या, सणासाठी घरी जाणारी कुटुंबे होती. हवा बिघडली, पाऊस आडवा मारू लागला, पाणी आत येऊ लागले. घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, बोट त्या बाजूला झुकली आणि काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने ती पालथी घातली. निघाल्यापासून तासाभराच्या आत सगळे संपले. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबईच्या मासळी बाजाराकडे निघालेल्या कोळ्यांनी होड्यांतला माल समुद्रात टाकून माणसे भरून घेतली, असे त्या पट्ट्यात अजून सांगतात. मुंबई शहराला मात्र दुपार उलटेपर्यंत पत्ता नव्हता.

बरोबर २९ दिवसांनी देश स्वतंत्र झाला. वर्तमानपत्रांची पाने फाळणीने भरली, स्वातंत्र्याने भरली आणि रामदास आतल्या पानावर गेली. टायटॅनिकची शेवटची वाचलेली उतारू मिल्विना डीन २००९ साली वारली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली. बोट बुडाली तेव्हा ती अवघी दोन महिन्यांची होती, तिला त्यातले काहीही आठवत नव्हते. आपल्याकडे सगळे लख्ख आठवणारी माणसे अलिबाग, उरण, पेण, मुरूडच्या गावांतून एकेक करून गेली. टायटॅनिकवर जेवढे लिहिले, गायले, चित्रित केले गेले, त्याच्या पासंगालाही पुरेल इतके रामदासच्या वाट्याला आले नाही. सहाशे माणसे ही काही लहान संख्या नव्हे.

संख्येपाशी थोडे थांबायला हवे. रामदासवर नेमकी किती माणसे होती, किती गेली आणि किती वाचली, याचे आकडे आजही वेगवेगळे सांगितले जातात. तुकारामाच्या नावाची आणखी एक बोट १९२७ च्या नोव्हेंबरात बुडाली होती, ‘जयंती’ही त्याच वादळात गेली. त्या बोटींच्या उतारूंची तर नावेही आपल्यापर्यंत धड पोचली नाहीत. फेरीबोटीच्या तिकिटावर नाव नसते. कडेवरच्या पोराचे तिकीट नसते. मग बुडालेल्यांत एखादा होता हे सिद्ध कसे करायचे? जो घरी आला नाही तो बोटीवर होता, एवढाच पुरावा. आणि प्रेत मिळाले नाही तर?

इथे कायदा आणि धर्म दोघेही दोन काळांत बोलतात, म्हणूनच कादंबरीकाराने या जागी रेंगाळायला हवे. पुराव्याच्या कायद्याच्या १०८ व्या कलमाने, ज्याची सात वर्षे खबर नाही तो मेला असे गृहीत धरता येई. आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात तीच तरतूद १११ व्या कलमात आली आहे. अपघाताचा पुरेसा पुरावा असला तर मृत्यूची नोंद आधीही होऊ शकते. पण ज्याच्यापाशी पुरावा नाही त्याच्यासाठी जुलै १९४७ मध्ये बुडालेले माणूस कागदावर मरायला जुलै १९५४ उजाडावा लागतो. मधली सात वर्षे त्या घरातली बाई कोण असते? तिने कुंकू लावायचे की पुसायचे? सातबाऱ्यावर त्याचे नाव तसेच राहते, शेतसारा त्याच्या नावाने भरला जातो, दिवाळीला त्याच्या वाटणीची करंजी कुणी बाजूला काढते आणि कुणी काढू नको म्हणते.

धर्मशास्त्राने यावर पालाशविधी काढला. पळसाची ३६० पाने घेऊन दर्भाच्या आधाराने जमिनीवर माणसाचा आकार मांडायचा. डोक्याच्या जागी नारळ. छातीला इतकी पाने, हाताला इतकी, पायाला इतकी, असा हिशेब ठरलेला. मग त्या पानांच्या माणसाला अग्नी द्यायचा आणि त्या दिवसापासून सुतक धरायचे. एखाद्या लहान मुलीने हा विधी पाहिला तर तिच्या मनात काय राहील, याचा विचार करून बघा. ओली पाने नीट जळत नाहीत, धूर फार होतो. वडीलधारे म्हणतात, हा तुझा बाप. ती बघते तर पाने आहेत. मला कुणी विचारले की रामदासवरची कादंबरी कुठून सुरू करावी, तर मी समुद्राचे नाव घेणार नाही. मी म्हणेन, पाने मोजणाऱ्या भटजींपासून करा.

आता बहिणी. इंग्रजी कादंबरीतल्या बहिणी एकमेकींशी का बोलत नाहीत? कधी एका पुरुषावरून, कधी आईच्या मायेवरून, कधी यशावरून. ए. एस. बायट आणि मार्गारेट ड्रॅबल या सख्ख्या बहिणी, दोघी नामवंत कादंबरीकार आणि दोघींमधला दुरावा इंग्रजी साहित्यात सर्वांना ठाऊक असलेला. ड्रॅबलने १९६३ मध्ये बहिणींवर कादंबरी लिहिली, बायटने १९६७ मध्ये ‘द गेम’ लिहिली, तीही बहिणींवर. पुढे बायटच्या ‘पझेशन’ला १९९० चा बुकर मिळाला आणि दोन काळांच्या कादंबरीचा वस्तुपाठ म्हणून तीच दाखवली जाऊ लागली. आपल्याकडे सई परांजपे यांच्या ‘साज’मध्ये दोन गायिका बहिणींच्या स्पर्धेची गोष्ट येते, शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’मध्ये थोरल्या मुलीवर सगळ्या घराचा भार टाकला जातो. या सगळ्या आपापल्या जागी महत्त्वाच्या. पण महाराष्ट्रातल्या साध्या घरात बहिणी कशावरून तुटतात हे पाहायचे असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्धा दिवस बसावे.

तिथे हक्कसोडपत्र नोंदवायला आलेली कुटुंबे बघायला मिळतात. भावाने रिक्षा करून बहिणींना आणलेले असते. एक बहीण ठेवणीतली साडी नेसून आलेली, जणू माहेरचे कार्य आहे. दुसरी भिंतीला टेकून उभी, पर्स छातीशी धरलेली. नंबर आला की खुर्चीवर बसायचे, समोरच्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघायचे, यंत्रावर अंगठा ठेवायचा. कष्टाने झिजलेल्या बोटाचा ठसा पटकन उठत नाही. मग कारकून म्हणतो, बोट पुसा, परत ठेवा. दोन ओळखदार सह्या करतात. ‘मी माझा हक्क कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने सोडत आहे.’ वकील हे वाक्य इतक्या वेगाने वाचतो की त्यातला ‘राजीखुशीने’ ऐकूही येत नाही. बाहेर आल्यावर भाऊ सगळ्यांना चहा पाजतो. जिने सही केली तिला पुढच्या भाऊबीजेला साडी येते. जिने केली नाही तिच्यासाठी माहेरचे दार बंद होते, आणि ते बंद करायला भावाच्या बरोबरीने, कधी त्याच्याही पुढे, सही केलेली बहीण उभी असते.

या दुराव्यात कायद्यानेही भर घातली आहे आणि ती तपशीलवार समजून घेण्यासारखी आहे. महाराष्ट्राने १९९४ साली, देशाच्या अकरा वर्षे आधी, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध वाटा दिला. हे फार मोठे पाऊल होते आणि त्याचा अभिमान वाटावा असेच होते. पण त्यात एक अट होती. २२ जून १९९४ च्या आधी जिचे लग्न झाले तिला तो वाटा नव्हता. म्हणजे एकाच आईबापांच्या दोन मुली. थोरलीचे लग्न १९९१ मध्ये झाले, धाकटीचे १९९६ मध्ये. धाकटी मुलाच्या बरोबरीची वाटेकरी झाली. थोरलीला बाप गेल्यावर बापाच्या हिश्शातले जे काय येईल ते. जन्माने काही नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद पुसला, पण २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना हात लावला नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात मुलीचा वाटा जन्मापासूनचाच, असे निःसंदिग्ध सांगितले. तोवर कितीतरी घरांत बहिणी तुटून गेल्या होत्या. ज्या अकरा वर्षांत हा भेद होता, त्या अकरा वर्षांनी किती माहेरे संपवली याची मोजदाद कुणी केलेली नाही.

या कादंबरीचा आजचा काळ मी बदलापूर गावात ठेवीन, कारण तिथे ही गोष्ट फार जवळची आहे. स्टेशन आहे ते कुळगावात, लोकलमधून उतरणारे लाखभर लोक ज्याला बदलापूर म्हणतात ती वस्ती त्याच्याभोवतीची. मूळ बदलापूर गाव पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूला. नगरपरिषदेचे नावही म्हणून जोडनाव, कुळगाव-बदलापूर. भात पिकवणारी, आंब्या-फणसाची, नदीवर म्हशी नेणारी गावे बघता बघता मुंबईची झोपायची जागा झाली. शेताच्या गुंठ्याला जो भाव आला तो वाडवडिलांनी स्वप्नातही पाहिला नव्हता, आणि मग सातबाऱ्यावरचे प्रत्येक नाव मोलाचे झाले. मेलेल्या आजोबांचे, परागंदा झालेल्या काकांचे, लग्न होऊन गेलेल्या आत्याचे. फेरफाराची वही ही या पट्ट्यातली सगळ्यांत वाचली जाणारी बखर आहे. तिच्यात सगळे काळ एकाच पानावर असतात.

तेव्हा कादंबरी अशी मांडता येईल. रेवसच्या बाजूची नऊ वर्षांची मुलगी १७ जुलैच्या सकाळी बापाबरोबर आणि पाच वर्षांच्या धाकट्या बहिणीबरोबर रामदासवर चढते. बहिणीचा हात तिच्या हातात असतो. नंतर नसतो. तिला एका होडीत ओढून घेतले जाते. बाप आणि बहीण मिळत नाहीत. बापासाठी पळसाची पाने जळतात, पाच वर्षांच्या पोरीसाठी तेवढेही होत नाही. पुढे १९५६ च्या सुमारास तिचे लग्न होऊन ती बदलापूर गावात उल्हासच्या काठच्या एका शेतकरी घरात येते. समुद्रापासून लांब असे पाहूनच मामाने ते स्थळ बघितलेले असते. तिला एक मुलगा आणि दोन मुली होतात. थोरलीचे लग्न १९९१ मध्ये, धाकटीचे १९९६ मध्ये. नवरा गेल्यावर वाटणी निघते आणि थोरली म्हणते, ‘तू नंतर जन्माला आलीस म्हणून तुझा हक्क मोठा झाला काय गं?’ धाकटी म्हणते, ‘ताई, कायदा मी केला नाही.’ त्यानंतर दोघी बोलत नाहीत. आणि आई, जिच्या हातून एका बहिणीचा हात सुटला, ती पडवीत बसून दोन बहिणींचे हात सुटताना बघते आणि तोंडातून शब्द काढत नाही.

मराठी लेखकापुढचा खरा प्रश्न यानंतरचा आहे. आजच्या काळाला जुना काळ कळणार कसा? ‘पझेशन’ पत्रांवर उभी आहे. तिच्यातले जुने कवी लिहिणारे होते, त्यांनी लिहिलेले ग्रंथालयात जपले गेले होते. आपल्या या नऊ वर्षांच्या मुलीने पत्र लिहिलेले नाही, डायरी ठेवलेली नाही, कदाचित तिला सही येते तेवढीच. पेटी उघडली तर तिच्यात लग्नातला शालू आणि रेशनकार्ड निघेल. इंग्रजी घाट जसाच्या तसा उचलला तर लेखकाला खोटी डायरी शिवावी लागेल, आणि मराठी वाचकाला तो खोटेपणा पहिल्याच पानावर कळेल.

तिचा भूतकाळ तिच्या वागण्यातून यायला हवा. आषाढ अमावास्येला घरोघरी दिवे घासून पुसून पूजतात, बाकीचे घर मांसाहाराच्या तयारीत असते आणि ही त्या दिवशी चुलीला हात लावत नाही. मुली लहान होत्या तेव्हा जत्रेत दोघींच्या मनगटांना ती एकच दोरा बांधायची. नदीवर कपडे धुवायला सगळ्या बाया जायच्या, ही विहिरीचे पाणी ओढायची; सासूची बोलणी खाल्ली, पण नदीवर गेली नाही. जेवायला बसण्याआधी ताटे आणि माणसे मोजायची तिची सवय. मुलींना हे सगळे आईचे विक्षिप्तपण वाटते. थोरलीला तर आयुष्यभर वाटत राहते की तो दोरा धाकटीच्या काळजीपोटी होता आणि आपल्या हाताला नुसता काच पडायचा. ज्याला आपण दुरावा म्हणतो तो असल्या गोष्टींवर पोसला जातो. सातबारा नंतर येतो.

बदलापूरने या कादंबरीला एक प्रसंगही देऊन ठेवला आहे. २६ जुलै २००५ चा पूर या गावाने सोसला होताच. त्यानंतर चौदा वर्षांनी, २०१९ च्या २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये थांबली. उल्हास पात्र सोडून पसरली होती. उजाडले तेव्हा चामटोलीजवळ चहूकडे तांबड्या पाण्याचा समुद्र आणि मधोमध उभी आगगाडी. आत सुमारे १,०५० माणसे, त्यांत नऊ गरोदर बाया. अंधारात डबे हलत नाहीत, दिवे गेलेले, पाणी रुळांवर चढलेले. २७ तारखेला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या आल्या, नौदल आले, हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली आणि आसपासच्या गावांतले लोक तर सगळ्यांत आधी आले होते. दुपारपर्यंत एकूण एक माणूस सुखरूप बाहेर निघाला. बदलापूरच्या मंगल कार्यालयात त्यांच्या जेवणाखाण्याची सोय झाली, आणि कल्याणहून खास गाडीने त्यांना कोल्हापूरकडे रवाना केले गेले.

कादंबरीतली ती मुलगी आता ८१ वर्षांची आहे. पुरामुळे घरात अडकलेली धाकटी आणि पाणी ओसरताच आईला बघायला धावत आलेली थोरली एकाच खोलीत आहेत. टीव्हीवर होड्या दिसतात, होडीत उतरणारी माणसे दिसतात. या जागी लेखकाचा हात घसरण्याची भीती फार आहे. म्हातारीला कंठ फुटावा, तिने सगळे सांगून टाकावे, मुलींनी गळ्यात पडावे, असे त्याला फार वाटेल. माझे त्याला सांगणे आहे की तिने एवढेच विचारावे, ‘सगळे मोजलेत का?’ धाकटी म्हणेल, ‘हो आई, एक हजार पन्नास, सगळे निघाले.’ आरक्षणाचा तक्ता होता, नावे होती, डब्यागणिक हिशेब होता. म्हातारी पुन्हा विचारील, ‘पोरं धरून?’

त्या दोन प्रश्नांत रामदास आली. वाचक जाणील, आणि दोन मुलींपैकी एक जाणील. दुसरी जाणणार नाही, कारण ती चहा ठेवायला आत गेलेली असेल. बहिणींनी शेवटी बोलायलाच हवे अशी सक्ती मला मान्य नाही. ज्या कादंबऱ्यांत जुन्या दुःखाचा उपयोग आजच्या माणसांचे मनोमीलन घडवण्यापुरता होतो, त्या मेलेल्यांवर अन्याय करतात. सहाशे माणसे काही दोन बहिणींच्या भांडणाचा निकाल लावण्यासाठी बुडाली नव्हती. जुन्या काळाची स्वतःची भूक असते, त्याला स्वतःचे न्याय मागायचे असतात. बोटीवर जीवरक्षक साधने पुरेशी होती का? हवा बिघडत असताना निघायचा निर्णय कुणाचा? खबर पोचायला इतका वेळ का लागला? हे प्रश्न कादंबरीत जिवंत राहिले पाहिजेत.

आणि आजच्या काळालाही स्वतःचा धोका हवा. नुसत्या रुसलेल्या बहिणींनी भागणार नाही. ज्या शेतावरून त्या तुटल्या ते नदीकाठी आहे. नदीला निळी पूररेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल पूररेषा असते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या जमिनीवर इमारत उठणार, तिच्यात लांबून आलेले कुटुंब आयुष्यभराची कमाई घालणार आणि त्या कुटुंबाला हे पाणी माहीत नसणार. बोट कोणत्या हवेत सोडायची हा १९४७ चा प्रश्न २०१९ नंतर या पद्धतीने पुन्हा उभा राहतो. दोन काळ एकमेकांना चिकटतात ते असे. योगायोगाने सापडलेल्या लॉकेटने ते चिकटत नाहीत.

समुद्राने या पट्ट्याला आणखी एक गोष्ट दिली आणि ती वगळली तर कादंबरी अपुरी राहील. रामदास बुडाल्यावर काही महिन्यांतच त्याच मुंबई बंदरात कराचीहून बोटी येऊ लागल्या. त्यांतून सिंधी निर्वासित उतरत होते. कल्याणजवळ युद्धकाळात सैन्यासाठी बांधलेल्या रिकाम्या छावण्यांत त्यांना ठेवले गेले, लाखाच्या घरात माणसे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. नाव त्याच नदीवरून, जी राजमाचीच्या बाजूला उगम पावते, बदलापूर गावाला वळसा घालते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. कराचीत राहिलेली एक बहीण आणि कॅम्पात आलेली दुसरी, अशाही बहिणी या लोकल मार्गावर राहिल्या आहेत, आणि त्यांच्यात सातबारा नव्हता, सीमा होती. आपल्या कादंबरीतली रेवसची मुलगी बाजाराला उल्हासनगरला जाते, एका सिंधी बाईच्या दुकानात कापड घेते, दोघी वर्षानुवर्षे एकमेकींना ओळखतात. एकीला समुद्राने उतरवले, दुसरीचे माणूस समुद्राने नेले. त्या दोघींचे बोलणे कापडाच्या भावापलीकडे कधी जात नाही. मला तो प्रसंग बोटीच्या बुडण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पाण्याचे हे असले मरण जुन्या काळात संपले, असे कुणी मानू नये. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला तेव्हा त्यावर २६० हून अधिक कामगार होते. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली, तीही रामदासच्याच पाण्याच्या आसपास. या सगळ्यांची घरे आहेत, त्या घरांत मुले वाढत आहेत, आणि त्यांचे गप्प राहणे आत्ता कुठे सुरू झाले आहे.

ज्याला ही कादंबरी लिहायची आहे त्याला साहित्य कमी पडणार नाही. त्या वर्षांची वर्तमानपत्रे आहेत, फेरफाराच्या वह्या आहेत. बदलापुरातच श्याम जोशी यांनी ध्यास घेऊन उभे केलेले ग्रंथसखा वाचनालय आहे, जिथे दुर्मीळ मराठी पुस्तके आणि नियतकालिके जपली गेली आहेत. कमी पडतील ती माणसे. रामदासच्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. अलिबाग, रेवस, उरण, पेण, मुरूडच्या ज्या घरांत त्या अमावास्येचे काही शिल्लक आहे, एखादे नाव, एखादी सवय, दर वर्षी न लावलेली चूल, त्या घरांतल्या मुलानातवंडांना माझी विनंती आहे की त्यांनी म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, जे मिळेल ते वहीत लिहून घ्यावे आणि जवळच्या वाचनालयात नेऊन द्यावे. १७ जुलै २०४७ ला त्या बुडण्याला शंभर वर्षे होतील. तोवर निदान बुडालेल्यांच्या नावांची एक यादी तरी आपण पुरी करावी.